डॉ. आन वांग आणि चुंबकाच्या कड्यांची स्मृति

मनुष्याला लाभलेल्या शक्तींमध्यें स्मरणशक्तीचें स्थान फार मोठें आहे. काल वाचलेला धडा आठवतो, म्हणूनच आज त्याच्या पुढील धडा समजतो. आणि हातचा ध्यानांत राहतो, म्हणूनच साधी बेरीज पुरी होते. जी गोष्ट मनुष्याची तीच हिशेब करणाऱ्या यंत्राची. कितीहि जलद आंकडेमोड करणारें यंत्र असो, मधली बाकी किंवा मधला गुणाकार कोठें तरी धरून ठेवण्याची सोय त्यांत नसेल, तर त्याची सारी चपळाई व्यर्थ होय.

आज आपल्या खिशांतील फोनमध्यें नखाएवढ्या तुकड्यावर हजारों ग्रंथ मावतात, आणि त्याचें कोणास नवल वाटत नाहीं. परंतु १९५५ च्या सुमारापासून पुढें जवळजवळ वीस वर्षें जगांतील बहुतेक मोठ्या गणकयंत्रांची, म्हणजेच कॉम्प्युटरांची, स्मृति मोहरीच्या दाण्याएवढ्या काळ्या कड्यांत सांठविलेली असे. हीं कडीं मण्यांसारखीं बारीक तारांत ओंवलेलीं असत. या निर्जीव कड्यांकडून स्मरणाचें काम करून घेण्याची युक्ति ज्या थोड्या लोकांना प्रथम साधली, त्यांत डॉ. आन वांग हे अग्रगण्य होते. त्यांचें चरित्र आम्ही आमच्या बालवाचकांपुढें व त्यांच्या वडीलमंडळींपुढें ठेवूं इच्छितों. कारण त्या चरित्रांत जसा बुद्धीचा चमत्कार आहे, तसाच विचार करण्याजोगा एक इशाराहि आहे.

बालपण व विद्याभ्यास

आन वांग यांचा जन्म ७ फेब्रुवारी १९२० रोजीं चीन देशांतील शांघाय शहरीं झाला. चिनी भाषेंत आन म्हणजे शांति आणि वांग म्हणजे राजा. परंतु शांतीचा राजा असें नांव मिळालेल्या या मुलाच्या वांट्याला लहानपणापासून अशांतिच आली. देशांत जागोजाग सरदारांच्या लढाया चालूं होत्या. आणि त्या कोठें थांबत आहेत तोंच जपानची स्वारी येऊन ठेपली.

त्यांचे वडील शिक्षक होते. शांघायपासून सुमारें तीस मैलांवर असलेल्या कुन्शान गांवीं एका शाळेंत ते इंग्रजी शिकवीत. त्या शाळेंत पहिली व दुसरी या इयत्ताच नव्हत्या. त्यामुळें सहा वर्षांच्या आनला एकदम तिसरींत बसविण्यांत आलें. सोबतचीं सारीं मुलें वयानें मोठीं. अशा वेळीं मूल एक तर भेदरून मागें पडतें, नाहीं तर आपल्या पायांवर उभें राहण्यास लवकर शिकतें. आन दुसऱ्या प्रकारचा निघाला. गणितांत त्याची गति विलक्षण होती, आणि या एका विषयाच्या बळावर त्यानें मोठ्या वर्गांत आपली जागा राखली.

वयाच्या सोळाव्या वर्षीं, १९३६ सालीं, तो शांघायच्या प्रसिद्ध च्याओ तुंग विद्यापीठांत विद्युत्शास्त्र शिकण्यासाठीं दाखल झाला. पुढच्याच वर्षीं जपानी फौजा शांघायवर चालून आल्या. विद्यापीठास आपलें आवार सोडून शहरांतील फ्रेंच वसाहतींत आश्रय घ्यावा लागला, आणि बाहेर तोफांचा भडिमार चालूं असतां आंत वर्ग भरूं लागले. १९४० सालीं आन पदवीधर झाले. विद्याभ्यासाच्या व युद्धाच्या त्या वर्षांत आईबाप व थोरली बहीण हीं तिघेंहि त्यांना अंतरलीं.

युद्ध व देशत्याग

पदवीनंतर एक वर्ष विद्यापीठांत शिकविण्याचें काम करून ते स्वखुशीनें देशाच्या अंतर्भागांतील क्वेलिन येथें गेले. तेथें चिनी सैन्यासाठीं बिनतारी संदेशाचीं यंत्रें तयार करण्याचें काम त्यांच्याकडे आलें. सामान वेळेवर मिळण्याची शाश्वति नव्हती. हाताशीं जें सांपडेल त्यांतूनच यंत्र उभें करावें लागे. वरून बाँब पडत, तेव्हां डोंगरांतील गुहांचा आसरा घ्यावा लागे. शत्रु जवळ आला तसे ते १९४४ सालीं चुंगकिंग येथें गेले.

याच सुमारास चीन सरकारनें निवडक तरुण इंजिनियरांना अनुभवासाठीं अमेरिकेस धाडण्याचें ठरविलें. परीक्षा होऊन वांग यांची निवड झाली. समुद्रकिनारा शत्रूच्या हातीं असल्यामुळें जाण्याचा मार्ग आपल्या देशावरून होता. हिमालयाच्या रांगांवरून विमानानें ते हिंदुस्थानांत उतरले, आणि कलकत्त्यास कांहीं काळ थांबून तेथून जहाजानें निघाले. जून १९४५ मध्यें त्यांनीं अमेरिकेच्या भूमीवर पाऊल ठेवलें, तेव्हां त्यांचें वय पंचवीस वर्षांचें होतें.

अमेरिकेंतील कोणत्याहि कारखान्यांत उमेदवारी करण्याऐवजीं त्यांनीं हार्वर्ड विद्यापीठाकडे अर्ज केला. युद्धामुळें तेथील पुष्कळ विद्यार्थी अद्याप परतले नव्हते, जागा मिळाली. एका वर्षांत त्यांनीं एम्. ए. च्या तोडीची पदवी घेतली आणि १९४८ सालीं भौतिकशास्त्रांत डॉक्टर ही पदवी संपादन केली. त्याच वर्षीं ते हार्वर्डच्या गणकयंत्र प्रयोगशाळेंत प्रोफेसर हॉवर्ड एकिन यांच्या हाताखालीं कामास लागले.

कोडें

त्या प्रयोगशाळेचें पहिलें यंत्र मार्क वन हें १९४४ सालीं सुरू झालें होतें. त्याची लांबी एकावन्न फूट व उंची आठ फूट होती. परंतु एवढ्या अवाढव्य यंत्राच्या स्मृतींत मावत होत्या फक्त बहात्तर संख्या! कारण त्यांतील प्रत्येक अंक फिरत्या चाकांवर धरलेला असे. आणि चाक म्हटलें कीं तें फिरावयास वेळ लागणार व झिजणारहि. इतर ठिकाणीं पाऱ्याच्या नळ्यांतून ध्वनीच्या लहरी फिरवून, किंवा कांचेच्या नळीच्या पडद्यावर विजेचे ठिपके उमटवून अंक सांठविण्याचे प्रयत्न चालले होते. परंतु वीज गेली कीं ही सारी स्मृति नाहींशी होई. यंत्राचा कोणताहि भाग न हालवितां चुंबकाच्या योगानें अंक सांठवावे व हवे तेव्हां वाचावे, अशी एखादी रीति शोधण्याचें काम एकिन यांनीं वांग यांच्याकडे सोंपविलें.

येथें वाचकांनीं एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. गणकयंत्राला शून्य व एक हे दोनच अंक पुरतात. सर्व संख्या या दोन अंकांच्या ओळींनीं लिहितां येतात. तेव्हां ज्या वस्तूच्या दोनच स्थिति असतील, व जी एका स्थितींत ठेवली असतां आपण होऊन दुसरींत जात नाहीं, ती वस्तु एक अंक लक्षांत ठेवूं शकते. दिव्याचें बटण हें याचें सोपें उदाहरण होय.

चुंबकाचें असें एक कडें घ्यावें. कड्याच्या भोंकांतून जाणाऱ्या तारेंतून पुरेसा विद्युत्प्रवाह सोडला, कीं कड्यांत चुंबकत्व उत्पन्न होऊन तें कड्याभोंवतीं वर्तुळाकार फिरतें. प्रवाह एका दिशेनें सोडला तर चुंबकत्वाची दिशा घड्याळाच्या कांट्याप्रमाणें. उलट सोडला तर उलट. प्रवाह बंद केला तरी कडें आपली दिशा सोडीत नाहीं. सुई चुंबकावर घांसून दूर केली तरी तिच्यांत चुंबकत्व राहतें, त्यांतलाच हा प्रकार. एका दिशेला एक मानावें, दुसरीला शून्य. म्हणजे अंक लिहिला गेला. वांग यांनीं जी धातु वापरली ती निकेल व लोखंड यांची मिश्रधातु होती. तिचा विशेष असा कीं, प्रवाह थोडा असेल तर ती मुळींच दाद देत नाहीं. आणि ठराविक मर्यादा ओलांडली कीं एकदम पुरती उलटते. मधली धरसोड तिच्यांत नाहीं.

लिहिणें असें सोपें झालें. पण वाचावें कसें? कड्याकडे पाहून तर कांहींच कळत नाहीं. येथें मायकेल फॅरेडे यांनीं १८३१ सालीं शोधलेला नियम उपयोगी पडतो : चुंबकत्व बदललें, कीं जवळच्या तारेंत क्षणभर वीज उत्पन्न होते. म्हणून कड्यांतून दुसरी एक तार ओंवावी, आणि पहिल्या तारेंतून शून्याच्या दिशेनें प्रवाह सोडावा. कड्यांत आधींपासून शून्य असेल तर तें जागचें हालणार नाहीं, व दुसऱ्या तारेंत जवळजवळ कांहींच उमटणार नाहीं. परंतु कड्यांत एक असेल तर तें उलटेल, आणि उलटतांना दुसऱ्या तारेंत विजेचा स्पष्ट ठोका देईल. ठोका आला तर एक होता. न आला तर शून्य होतें.

युक्ति उत्तम, परंतु तिच्यांत एक मोठी अडचण होती. ठोका मिळविण्यासाठीं कडें उलटावें लागतें, आणि उलटलें कीं त्यांतील एक हा अंक पुसला जातो! वाचावयास जावें तों लिहिलेलें नाहींसें व्हावें, अशी ही स्मृति. अशा स्मृतीचा उपयोग काय? चुंबकत्व न बिघडवितां तें वाचतां यावें यासाठीं वांग यांनीं कित्येक दिवस डोकें खपविलें. पण मार्ग सांपडेना.

जून १९४८ मध्यें एके दिवशीं हार्वर्डच्या आवारांतून चालत असतां त्यांना एकाएकीं उलगडा झाला. वाचतांना अंक पुसला जातो हें खरें. पण वाचल्यामुळें तो काय होता हें आपणांस कळलेलें असतें. मग तोच अंक लगेच पुन्हा लिहिला म्हणजे झालें! पाकिटांतील चिठ्ठी वाचण्यासाठीं पाकीट फाडावें लागलें तर वाईट काय? चिठ्ठी वाचून दुसऱ्या पाकिटांत घालून ठेवावी. कडें उलटण्यास लागणारा वेळ सेकंदाच्या अत्यल्प अंशाइतका. तेव्हां पुन्हा लिहिण्याचा खर्च तो केवढा? जी अडचण दूर करण्यासाठीं ते इतके दिवस झगडत होते, ती दूर करण्याची गरजच नव्हती. तिला मान्य करून पुढची पायरी तेवढी घालावयाची होती. सहकारी वे-डाँग वू यांच्यासह त्यांनीं अशा कड्यांची माळ करून एका कड्यांतील अंक पुढच्या कड्यांत, तेथून त्याच्या पुढच्या कड्यांत, असा सरकविण्याची रचना सिद्ध केली.

माळेचें जाळें झालें

माळेंत एक गैरसोय होती. शंभरावें कडें वाचावयाचें तर अंक एकामागून एक सरकत येईपर्यंत वाट पाहावी लागे. ही गैरसोय जवळच्याच मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेंतील जे फॉरेस्टर यांनीं दूर केली. वर्गांत बाकांच्या ओळी असतात. तिसरी ओळ व पांचवें बाक एवढें सांगितलें कीं एकच विद्यार्थी उभा राहतो. फॉरेस्टर यांनीं कडीं तशींच ओळींनीं मांडलीं. प्रत्येक आडव्या ओळींतून एक तार व प्रत्येक उभ्या ओळींतून एक तार नेली. कडें उलटण्यास जेवढा प्रवाह लागतो त्याच्या निम्मा एका आडव्या तारेंत व निम्मा एका उभ्या तारेंत सोडला. ओळींतील इतर कड्यांना निम्माच धक्का बसतो व तीं जागचीं हालत नाहींत. जेथें दोन्ही तारा मिळतात, तेथील एकच कडें उलटतें. सर्व कड्यांतून जाणारी तिसरी तार ठोका ऐकण्याचें काम करते. आणि पुन्हा लिहितांना शून्य हवें असेल तेथें चौथी तार उलट प्रवाहानें कडें उलटूं देत नाहीं. वाचून पुन्हा लिहिण्याचा नियम येथेंहि होताच. त्याच्यावांचून हें जाळें निरुपयोगी ठरलें असतें.

१९५३ सालीं फॉरेस्टर यांच्या व्हर्लविंड नामक यंत्रांत अशीं जाळीं बसविण्यांत आलीं. ३२ आडव्या व ३२ उभ्या ओळींच्या एका जाळ्यांत १,०२४ कडीं असून त्यांची निवड करण्यास अवघ्या ६४ तारा पुरत. हीं कडीं धातूचीं नसून लोखंडाच्या भस्मापासून भाजून केलेल्या फेराइट नांवाच्या पदार्थाचीं होतीं. तीं ओंवण्याचें काम बहुतांशीं स्त्रियांच्या हातांनीं, भिंगाखालीं पाहून, सुईनें शिवणकाम करावें तसें होई. मनुष्यास चंद्रावर नेणाऱ्या १९६९ च्या अपोलो यानांतील गणकयंत्रांतहि चुंबकीय कड्यांचीच स्मृति होती.

आपल्या मुंबईसहि या कड्यांचा संबंध पोंचला होता, हें वाचून वाचकांस संतोष वाटेल. टाटा मूलभूत संशोधन संस्थेंतील संशोधकांनीं स्वतः घडविलेलें गणकयंत्र १९६० सालीं कामास लागलें. पुढें १९६२ सालीं पंडित जवाहरलाल नेहरू यांनीं त्याचें टिफ्रॅक असें नामकरण केलें. त्याच्या स्मृतींत प्रत्येकीं चाळीस अंकांचे २,०४८ शब्द मावत. अंकागणिक एक कडें धरल्यास हा हिशेब ८१,९२० कड्यांचा होतो.

सहाशें डॉलर

आतां आपण आपल्या चरित्रनायकाकडे वळूं. १९४९ सालीं वांग यांचा विवाह शांघायच्याच लॉरेन च्यू या युवतीशीं झाला. त्याच वर्षीं चीनमध्यें राज्यक्रांति होऊन मायदेशीं परतण्याचा मार्ग त्यांच्यापुरता खुंटला. त्याच वर्षाच्या ऑक्टोबर महिन्यांत त्यांनीं आपल्या शोधाच्या मालकी हक्कासाठीं, म्हणजे पेटंटसाठीं, अर्ज दिला. लवकरच हार्वर्डनें गणकयंत्रांच्या संशोधनांतून आपलें अंग काढून घेण्याचें ठरविलें. तेव्हां जून १९५१ मध्यें शिल्लकेंतले सहाशें डॉलर घेऊन त्यांनीं बॉस्टन शहरांत एका लहानशा खोलींत वांग लॅबोरेटरीज नांवाचा धंदा सुरू केला. हातीं एकहि मागणी नव्हती, कोणाशीं करारहि नव्हता. एक कडें चार डॉलरला याप्रमाणें ते कडीं विकूं लागले.

मे १९५५ मध्यें पेटंट मिळालें. आय. बी. एम. या बलाढ्य कंपनीला आपल्या यंत्रांसाठीं तें हवें होतें. पुष्कळ दिवस घासाघीस होऊन १९५६ सालीं सौदा पांच लाख डॉलरांस ठरला. पैकीं एक लाख दुसऱ्या एका संशोधकाच्या दाव्याच्या निकालापर्यंत राखून ठेवण्यांत आले, व ते वांग यांना कधींच मिळाले नाहींत. आठ वर्षांनीं, १९६४ सालीं, फॉरेस्टर यांच्या पेटंटासाठीं याच कंपनीला एक कोटि तीस लाख डॉलर मोजावे लागले. हे दोन आंकडे शेजारीं ठेवले असतां आपला शोध स्वस्तांत गेला म्हणून दुसरा एखादा मनुष्य जन्मभर हळहळत बसला असता. वांग यांनीं मिळालेले पैसे धंद्यांत घातले व नव्या विचारास लागले.

पुन्हा पुन्हा नवें लेखन

१९६५ सालीं त्यांनीं लोकी नांवाचें टेबलावर मावणारें गणितयंत्र बाजारांत आणलें. ज्यांनीं लॉगॅरिदमचीं कोष्टकें वापरलीं आहेत त्यांस ठाऊकच आहे, कीं दोन संख्यांचा गुणाकार करावयाचा तर त्यांच्या लॉगॅरिदमांची बेरीज करावी. हीच शाळेंतील युक्ति वांग यांनीं विजेच्या साहाय्यानें यंत्राकडून करविली. पुढील सोपें यंत्र शाळा, बँका व कचेऱ्या यांत इतकें खपलें, कीं १९६७ सालीं कंपनीचे भाग लोकांस विकावयास काढतांच ते घेण्यास झुंबड उडाली.

परंतु १९७० सालीं एक नवी गोष्ट घडली. सिलिकॉनच्या लहानशा तुकड्यावर स्मृति बसविण्याची कला साधून तसे तुकडे बाजारांत आले. ते स्वस्त होत गेले, आणि ओंवलेल्या कड्यांचें राज्य कांहीं वर्षांतच लयास गेलें. याच तुकड्यांमुळें गणितयंत्रें खेळण्याइतकीं स्वस्त होतील हें वांग यांनीं ओळखलें. आणि ज्या धंद्यानें त्यांस संपत्ति दिली होती त्यांतून, तो भरांत असतांच, ते बाहेर पडूं लागले. आतां त्यांचें लक्ष कचेरींतील टंकलेखनाकडे गेलें. एक अक्षर चुकलें तर टायपिस्टला सारा कागद पुन्हा टंकावा लागे. वांग यांच्या कारखान्यानें आधीं टंकलेलें पत्र चुंबकीय फितीवर सांठविणारें यंत्र काढलें, आणि १९७६ सालीं पडद्यावर मजकूर दाखवून तेथल्या तेथें दुरुस्त करूं देणारें यंत्र काढलें. कचेऱ्यांचें रूपच पालटलें. सहाशें डॉलरांवर उभ्या राहिलेल्या धंद्यांत पुढें तीस हजारांहून अधिक माणसें काम करूं लागलीं. कापडाच्या गिरण्या बंद पडून ओसाड झालेल्या लोवेल शहरांत कंपनीच्या उंच इमारती उभ्या राहिल्या, व तेथील लोकांस पुन्हा रोजगार मिळाला.

संपत्ति आली तरी राहणी साधीच राहिली. बॉस्टनमधील एक मोडकळीस आलेलें भव्य नाट्यगृह दुरुस्त करण्यास त्यांनीं मोठी देणगी दिली, व १९८३ सालीं त्यास त्यांचें नांव देण्यांत आलें. रुग्णालयास व हार्वर्डलाहि त्यांनीं सढळ हातानें द्रव्य दिलें. परदेशांतून येऊन अमेरिकेचे नागरिक झालेल्या बारा थोर व्यक्तींचा १९८६ सालीं स्वातंत्र्यपदक देऊन गौरव करण्यांत आला, त्यांत ते एक होते.

शेवटचीं वर्षें

येथवरची कथा यशाची आहे, आणि येथेंच ती थांबविली असती तर ऐकावयास गोड वाटली असती. पण चरित्र पुरें सांगावें हें आम्ही आमचें कर्तव्य समजतों. १९८० नंतर सर्व कामें करूं शकणारा घरगुती संगणक बाजारांत आला. जो संगणक पत्रें लिहितो, हिशेब ठेवतो व आणखीहि दहा कामें करतो, तो असतांना केवळ लेखनासाठीं वेगळें महाग यंत्र कोण घेणार? कड्यांना सोडून देणारा, गणितयंत्रांना वेळींच निरोप देणारा हा दूरदृष्टीचा पुरुष या वेळीं मात्र आपल्याच यंत्रास फार दिवस चिकटून राहिला. त्यांतच १९८६ सालीं त्यांनीं आपला थोरला मुलगा फ्रेड याला कंपनीचा अध्यक्ष केलें. अनुभवी सहकाऱ्यांपैकीं कांहीं सोडून गेले. तोटा वाढत चालला. ऑगस्ट १९८९ मध्यें, अन्ननलिकेच्या कर्करोगानें आजारी असतां, स्वतःच्या मुलाला पदावरून दूर करण्याचा कठीण प्रसंग त्या पित्यावर आला. दिनांक २४ मार्च १९९० रोजीं बॉस्टन येथें, वयाच्या सत्तराव्या वर्षीं, त्यांचें देहावसान झालें. १९९२ च्या ऑगस्टांत कंपनीनें दिवाळ्याचा अर्ज केला.

मुलास अकालीं मोठें पद देण्यांत प्रेम होतें, यांत शंका नाहीं; परंतु त्या प्रेमानें ना मुलाचें कल्याण झालें, ना कामगारांचें. बापाच्या पुण्याईनें मुलाला खुर्ची मिळते, पण ती सांभाळण्याची विद्या ज्याची त्यानेंच मिळवावी लागते. सहा वर्षांचा असतां मोठ्या मुलांच्या वर्गांत एकटा बसून आन वांग जें शिकला, तें त्यास कोणी वारशानें दिलें नव्हतें. आमच्या पालकबंधुभगिनींनीं या गोष्टीचा शांतपणें विचार करावा.

आणि आमच्या विद्यार्थ्यांनीं? त्यांनीं त्या लहानशा कड्याची रीति ध्यानांत ठेवावी. कड्याला वाचलें कीं त्यांतील अक्षर पुसलें जाई. तरीहि तें वीस वर्षें जगाच्या स्मृतीचें भांडार झालें, कारण पुसलेलें लगेच पुन्हा लिहिण्याची शिस्त त्याच्या मागें उभी होती. आन वांग यांचें घर पुसलें गेलें, देश दुरावला, पहिला शोध कमी दामांत गेला. प्रत्येक वेळीं त्यांनीं नवें लेखन आरंभिलें, आणि जेव्हां तें आरंभण्यास उशीर केला तेव्हांच त्यांच्या कार्यास उतार लागला. परीक्षेंत नापास झालेल्या, घरची स्थिति पालटलेल्या, किंवा केलेलें काम फुकट गेलेल्या मुलामुलींनीं पाटी कोरी झाली म्हणून रडत बसूं नये. पाटीवर काय होतें हें ज्यास ठाऊक आहे, त्यास तें पुन्हा लिहितां येतें. आणि दुसऱ्या वेळचें अक्षर बहुधा पहिल्याहून वळणदार येतें.